‘बरं वाटतंय ना?’ हे गोलकीपरला विचारू नका

डोक्याला मार लागलेल्या माणसाभोवती गर्दी जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “बरं वाटतंय ना?” उत्तरही ठरलेलं असतं, “हो हो, काही नाही झालं.” मग कुणी पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी पडलेली स्कूटर उभी करून देतं, आणि तो माणूस त्याच स्कूटरवरून घरी जातो. बघणाऱ्यांना बरं वाटतं, त्यालाही बरं वाटतं.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. पोटाला मार लागला असेल तर जरूर विचारा, कारण उत्तर मेंदू देणार आहे आणि तो शाबूत आहे. मेंदूलाच धक्का बसला असेल तर उत्तर देणार कोण? वजनकाटा बिघडलाय का, हे त्याच काट्यावर तोलून कसं कळेल?

आज हे मी परदेशात जाऊन खेळलेल्या काही फुटबॉल गोलकीपरांच्या आधाराने सांगणार आहे. फुटबॉलमध्ये रस नसला तरी हरकत नाही. लेख डोक्याबद्दलच आहे.

गोलकीपरच का, तर त्याच्या कामातच डोकं पुढे घालणं आहे. बाकीचे दहा जण पायाने खेळतात. हा मात्र समोरून पूर्ण वेगाने धावत येणाऱ्याच्या पायांत झेप घेतो. बॉल हातात येतो त्या क्षणी त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. कॉर्नरच्या वेळी उडी मारली की पुढे कोपरं आणि खांदे, मागे गोलचा खांब.

तो परदेशी असेल तर आणखी एक गोष्ट येते. संघात गोलकीपरची जागा एकच असते. दुसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर महिनेन् महिने बाकावर बसून त्या जागेकडे डोळे लावून असतो. आपला देश, आपली भाषा, आपली माणसं सोडून करारावर आलेल्या खेळाडूला “मला गरगरतंय, मला बाहेर काढा” हे म्हणणं किती जड जात असेल? आखातात कंत्राटावर काम करून आलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल.

आता पेत्र चेखकडे येऊ. इंग्रजी समालोचक त्याला ‘पीटर चेक’ म्हणतात, तेच नाव आपल्याकडे रूढ आहे. जन्म १९८२चा, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या प्ल्झेन शहरातला. प्रागच्या स्पार्टा संघातून २००२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो फ्रान्समधल्या रेन संघात गेला आणि २००४ मध्ये लंडनच्या चेल्सीत. तिथल्या त्याच्या पहिल्याच हंगामात चेल्सीने ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले आणि प्रीमियर लीग जिंकली. परदेशात आलेल्या गोलकीपरचं बस्तान याहून चांगलं काय बसणार?

१४ ऑक्टोबर २००६. रेडिंगच्या मैदानावर सामना सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. बॉल पकडायला चेख खाली झेपावला आणि धावत आलेल्या स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. धडक मुद्दाम होती की नाही यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले. आपल्याला त्यात पडायचं नाही. चेखच्या कवटीचं हाड फुटून आत दबलं होतं. पत्र्याच्या डब्यावर हातोडी बसली की पोचा पडतो ना, तसंच. आम्ही याला डिप्रेस्ड फ्रॅक्चर म्हणतो. अशा वेळी हाडाचा तुकडा मेंदूच्या आवरणावर दाब देतो, ते आवरण फाटू शकतं, आत रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पुढे फिट्सही येऊ शकतात. त्याला आधी रेडिंगच्या रुग्णालयात आणि तिथून ऑक्सफर्डला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. दबलेलं हाड वर उचलून धातूच्या पट्ट्यांनी बसवलं गेलं. त्या धडकेची आपल्याला आठवणच नाही, असं त्याने पुढे सांगितलं.

त्याच सामन्यात त्याच्या जागी आलेला इटालियन गोलकीपर कार्लो कुडिचिनीही अखेरच्या मिनिटांत धडकेने बेशुद्ध पडला. शेवटी चेल्सीचा बचावपटू जॉन टेरी हातमोजे घालून गोलमध्ये उभा राहिला. एका संध्याकाळी एकाच संघाचे दोन गोलकीपर, दोघेही परदेशी, दोघेही डोक्याच्या माराने बाहेर.

रुग्णवाहिका किती वेळात आली यावरही जुंपली. चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो म्हणाले फार उशीर झाला, रुग्णवाहिकावाल्यांनी ते साफ नाकारलं. पण त्या वादातून एक चांगली गोष्ट झाली. सामन्याच्या वेळी खेळाडूंसाठी डॉक्टर आणि रुग्णवाहिका हाताशी असण्याबाबतचे नियम प्रीमियर लीगने कडक केले.

इथे गोव्याच्या वाचकांना डेम्पो संघाचा क्रिस्टियानो ज्युनियर आठवेल. ब्राझीलहून आपल्याकडे खेळायला आलेला हा स्ट्रायकर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर, फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, गोल करताना मोहन बागानच्या गोलकीपरशी धडकला, कोसळला आणि वाचला नाही. तिथे कारण डोकं नव्हतं, हृदय बंद पडलं होतं. तरी मुद्दा तोच. धडकेनंतरची पहिली काही मिनिटं मैदानावर जे असतात त्यांच्या हातात असतात. आणि तुमच्या मुलाच्या शाळेच्या क्रीडा दिनाला मैदानावर काय असतं? फर्स्ट एडची पेटी, तीत कापूस, आयोडीन आणि बहुधा मुदत संपलेला स्प्रे. दहीहंडीला शेवटच्या थरावर सात वर्षांचं पोर चढवायचे दिवस आता नियमांनी कमी केले आहेत, पण हंडीच्या रात्री कॅज्युअल्टीत काय चित्र असतं ते कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा.

चेख ९८ दिवसांनी, २० जानेवारी २००७ रोजी, लिव्हरपूलविरुद्ध मैदानात परतला. डोक्यावर रग्बीचे खेळाडू घालतात तशी काळी, मऊ, हनुवटीखाली बांधायची टोपी होती. ती त्याने फुटबॉल सोडेपर्यंत उतरवली नाही. त्या टोपीसह तो आणखी बारा वर्षं खेळला. १९ मे २०१२ रोजी म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्याने जादा वेळेत आर्येन रॉबेनची पेनल्टी अडवली, मग शूटआउटमध्ये ओलिचची अडवली आणि श्वाइनस्टायगरची बोटांच्या टोकांनी खांबाकडे वळवली. चेल्सी पहिल्यांदाच युरोपचा विजेता ठरला. पुढे तो आर्सेनलकडून खेळला. प्रीमियर लीगमध्ये ४४३ सामने, त्यांतल्या २०२ सामन्यांत एकही गोल नाही. २०१९ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी गिल्डफर्डमध्ये आइस हॉकीचा गोलकीपर म्हणून उभा राहिला. तिथे मात्र जाळीसकट कडक हेल्मेट. काही माणसांना गोलसमोर उभं राहिल्याशिवाय करमतच नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक एकच अर्थ काढतात. टोपी घातली म्हणून मेंदू वाचला. तसं नाही.

आपल्याकडचा गोटा नारळ घ्या. आतलं खोबरं सुटं झालेलं असतं, हलवला की खुळखुळतं. करवंटी फुटली तर बाहेरून दिसते. पण करवंटीला तडासुद्धा न जाता आतला गोटा भिंतीवर आपटू शकतो. आपला मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोरदार हिसका बसला, विशेषतः डोकं गर्रकन फिरलं, की मेंदू आत हेलकावतो आणि त्यातले मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. त्या पेशींचं कामकाज काही काळ विस्कटतं. यालाच कन्कशन म्हणतात. रक्त नाही, टेंगूळ नाही, फ्रॅक्चर नाही. सीटी स्कॅन केला तर बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण स्कॅनमध्ये हाड आणि रक्त दिसतं, विस्कटलेलं कामकाज दिसत नाही. डोक्यावर थेट मार बसायचीही गरज नाही. छातीवर धडक बसून मान हिसकली तरी पुरतं.

चेखची मऊ टोपी करवंटीच्या दुरुस्त केलेल्या जागेसाठी होती. तिथे पुन्हा थेट मार बसू नये, आणि झेप घेताना मनात धास्ती राहू नये, म्हणून. अशा मऊ टोपीने आतला गोटा हलायचा थांबत नाही. तेव्हा फुटबॉल क्लासवाल्यांनी ‘कन्कशनपासून संरक्षण’ म्हणून महागडे हेडबँड विकायला काढले तर खिशात हात घालण्याआधी विचार करा.

मात्र यावरून “मग हेल्मेटचा काय उपयोग?” असं कुणी म्हणू नका. मला माहीत आहे, पुण्यात काहीजण याच वाक्याची वाट बघत असतात. दुचाकीचं कडक हेल्मेट ही पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराचा अपघाती मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. अर्थात ते डोक्यावर असेल आणि पट्टा लावलेला असेल तर. कोपरात अडकवलेलं हेल्मेट फक्त कोपर वाचवतं.

चेख एका अर्थाने सुदैवी होता. त्याची दुखापत दिसत होती. फ्रॅक्चर झालेल्या माणसाला “खेळतोस का?” असं कुणी विचारत नाही. खरी पंचाईत न दिसणाऱ्या दुखापतीची असते.

लोरिस कारिउस हा जर्मन गोलकीपर, इंग्लंडमध्ये लिव्हरपूलकडून खेळणारा. २६ मे २०१८, कीव्ह, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, समोर रेआल माद्रिद. दुसरा हाफ सुरू झाल्यावर लगेच सेर्हिओ रामोसचं कोपर त्याच्या डोक्यावर बसलं. तो पडला, उठला, खेळत राहिला. काही मिनिटांतच त्याने हाताने टाकलेला बॉल समोर उभ्या बेन्झेमाच्या पायाला लागून थेट गोलमध्ये गेला. नंतर गॅरेथ बेलने खूप लांबून मारलेला, एरवी सहज पकडता आला असता असा फटका त्याच्या हातांतून निसटला. लिव्हरपूल १-३ हरला. सामना संपल्यावर तो रडत प्रेक्षकांपुढे हात जोडून उभा होता. पुढे त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या.

पाच दिवसांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात त्याची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याला सामन्यात कन्कशन झालं होतं. नजरेने अंतर आणि जागा जोखण्याच्या क्षमतेत दोष दिसतो आहे, आणि तो त्या धडकेनंतर लगेच निर्माण झाला असण्याची शक्यता आहे. त्याचा खेळावर परिणाम झाला असणं शक्य आहे, इतकंच ते म्हणाले. ते दोन गोल कन्कशनमुळेच झाले असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण त्यावर जी खिल्ली उडवली गेली ती मला आजही खटकते. “हरल्यावर बहाणा सुचला.” गोलकीपरचं सगळं काम म्हणजे बॉल कुठे आहे आणि किती वेगाने येतो आहे हे जोखणं. हाताला प्लास्टर असतं तर कुणी हसलं असतं का?

आणि लक्षात घ्या, त्या क्षणी त्याला विचारलं असतं की “बरं वाटतंय ना?” तर तो “हो” म्हणाला असता, आणि तेही प्रामाणिकपणे. कन्कशन झालेला माणूस खोटं बोलतोच असं नाही. अनेकदा त्याला स्वतःतला फरक कळतच नाही. खेळात होणाऱ्या कन्कशनपैकी दहातल्या नऊ वेळा शुद्धही हरपत नाही. “बेशुद्ध नव्हता ना पडला? मग काही नाही” हे आपलं लाडकं निदान म्हणूनच धोक्याचं आहे.

मग ठरवायचं कुणी? ३ नोव्हेंबर २०१३ रोजी टॉटनहॅमचा फ्रेंच गोलकीपर ह्युगो लोरिस एव्हर्टनच्या रोमेलू लुकाकूचा गुडघा डोक्याला लागून बेशुद्ध झाला. बदली गोलकीपर तयार होता. पण लोरिसने बाहेर जायला नकार दिला, आणि त्याला खेळू द्यायचा निर्णय प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस यांनी घेतला. सामन्यानंतर त्यांनी त्याच्या जिगरीचं कौतुक केलं आणि त्याला प्रसंग आठवत नाही हेही सांगितलं! आठवत नाही, म्हणजे मेंदूला धक्का बसलाय, याहून मोठा पुरावा काय हवा? टीका भरपूर झाली. पुढच्याच हंगामापासून प्रीमियर लीगने नियम केला की शुद्ध हरपली किंवा तशी शंका आली, तर खेळाडू त्या सामन्यात परत येणार नाही, आणि हा निर्णय डॉक्टरचा, प्रशिक्षकाचा नव्हे.

२०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्तोफ क्रामर धडकेनंतर सुमारे चौदा मिनिटं खेळत होता, आणि “ही फायनलच आहे ना?” असं पंचांना विचारत होता. तो गोलकीपर नव्हता, पण हा किस्सा टाळवत नाही. त्यानंतर फिफाने डोक्याच्या दुखापतीसाठी तीन मिनिटं खेळ थांबवायची मुभा दिली. तीन मिनिटं! कन्कशनची नीट तपासणी करायला कमीत कमी दहा मिनिटं लागतात. २०२१ पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू देण्याचे प्रयोग सुरू झाले आणि २०२४ पासून ती तरतूद खेळाच्या नियमांतच आली. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं पाऊल हेच. खेळाडूला बाहेर काढल्याने संघाचं नुकसान होणार नसेल तर त्याला काढायला कुणाचा हात थरथरणार नाही.

“जिगर” या शब्दाबद्दल थोडं बोलायलाच हवं. बर्ट ट्राउटमान हा या सगळ्यांचा आजोबा. जर्मनीतल्या ब्रेमेनचा, दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक, युद्धकैदी म्हणून इंग्लंडला आला, तिथेच राहिला आणि १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर झाला. ५ मे १९५६ रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात, सतरा मिनिटं उरली असताना, बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायाशी झेप घेताना त्याच्या मानेवर जबर मार बसला. तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. तो खेळत राहिला, सिटी ३-१ जिंकली, मान वाकडी धरून त्याने पदक घेतलं. चार दिवसांनी एक्स-रेमध्ये दिसलं की मानेचे मणके सरकले आहेत आणि दुसरा मणका दुभंगला आहे. तिसरा मणका दुसऱ्यात अडकून बसला म्हणून पुढचा अनर्थ टळला.

ही गोष्ट इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या शौर्यकथा म्हणून सांगतात. ट्राउटमान मोठा माणूस होता, शत्रुदेशातून येऊन त्याने लोकांची मनं जिंकली, त्याबद्दल आदरच आहे. पण त्या सतरा मिनिटांत त्याला वाचवलं ते एका मणक्याच्या अडकण्याने. ती गोष्ट मुलांना सांगायची असेल तर एक्स-रेसकट सांगा. आपल्या कबड्डीच्या मॅटवर, कुस्तीच्या आखाड्यात, सोसायटीच्या टेनिस बॉल स्पर्धेत “उठ रे, मर्दासारखा खेळ” हे ओरडणारे काका असतात. त्यांच्या हातात मूल सोपवू नका. त्या काकांमध्ये कधीकधी मुलाचे वडीलही असतात.

आता तुमच्या कामाचं. डोक्याला मार लागलेल्याला काय विचारायचं? बरं वाटतंय का, हे सोडून बाकी सगळं. खेळाडूंसाठी मॅडॉक्सचे प्रश्न नावाची एक साधी प्रश्नावली आहे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? हेच रस्त्यावर वापरता येतं. कुठून निघाला होतात? गाडी कोण चालवत होतं? सकाळी काय खाल्लं? एक जरी उत्तर चुकलं, किंवा तोच प्रश्न तो तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर त्याला खेळातून आणि गाडीवरून उतरवा. सगळी उत्तरं बरोबर आली तरी त्याचा अर्थ सुटी असा नाही. डोकं दुखतंय, उजेड सोसवत नाही, बोलणं मंदावलंय, उगाच चिडचीड होतेय, तोल जातोय, यातलं काहीही दिसलं तर खेळ त्या दिवसापुरता संपला. शंका असेल तरीही संपला.

“टेंगूळ बाहेर आलं म्हणजे बरं, मार आत नाही गेला” ही आपली जुनी समजूत आहे. टेंगूळ कातडीखालचं असतं, आत काय चाललंय याचं ते काहीच सांगत नाही. हळद लावा, बर्फ लावा, हरकत नाही, पण त्यावर निर्धास्त होऊ नका.

काही वेळा थांबायला अजिबात वेळ नसतो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, हातापायातली ताकद जाणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणं, उठवूनही न उठणं, भलतंच बोलणं. १०८ला फोन करा किंवा जिथे सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन आहेत अशा ठिकाणी थेट न्या. मानेलाही मार असेल तर माणसाला उचलून बसवू नका, ट्राउटमानचा मणका आठवा. एक दगाफटका मात्र माहीत असू द्या. कवटीच्या आत धमनी फुटली असेल तर माणूस आधी शुद्धीवर येतो, गप्पा मारतो, चहा मागतो, आणि काही तासांत कोसळतो. म्हणून पहिल्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही. झोपू द्यायचंच नाही ही समजूत चुकीची, झोपू द्या, पण तो नीट उठतो ना हे डॉक्टर सांगतील तसं अधूनमधून बघा.

घरात आजी-आजोबा असतील आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाथरूममधल्या साध्या पडण्यालाही डॉक्टरांना दाखवा. त्यांच्यात रक्त हळूहळू साठतं. तीन आठवड्यांनी आजोबा गोंधळल्यासारखे वागू लागतात, आणि घरचे म्हणतात, “वय झालं.”

परत कामाला, अभ्यासाला, खेळाला कधी लागायचं? आधी एक-दोन दिवस निवांत राहायचं, मोबाइल कमी, मैदान बंद. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून ठेवायची पद्धत आता मागे पडली आहे, थोडं चालणं-फिरणं लवकर सुरू केलेलं चांगलं. मग आधी शाळा, नंतर खेळ. खेळातही चालण्यापासून धडक बसणाऱ्या सरावापर्यंत एकेक पायरी चढायची, दोन पायऱ्यांमध्ये निदान एक दिवस ठेवायचा, आणि त्रास वाढला तर एक पायरी खाली यायचं. धडकेचा सराव आणि सामना डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. मोठ्यांना साधारण दोन आठवडे लागतात, मुलांना महिना लागू शकतो. गाडीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, क्वचित पण जिवावर बेतणारी सूज येऊ शकते. परीक्षा तोंडावर असेल तर शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या. मार लागलेला मेंदू दोन तास पेपर लिहू शकेलच असं नाही, आणि सर म्हणतील “दिसतोय तर ठणठणीत.”

शेवटची गोष्ट परदेशी गोलकीपरांवरूनच सुचली. चेख चेक भाषिक, त्याला तपासणारे इंग्रज. मेंदूला धक्का बसलेला माणूस नंतर शिकलेल्या भाषेत अडखळतो, कधी सरळ मायबोलीत बोलू लागतो. आम्ही शुद्धीचे गुण देतो त्यात ‘बोलणं सुसंगत आहे का’ यालाही गुण असतात. पुण्या-मुंबईच्या कॅज्युअल्टीत बांधकामावरचा ओडिशाचा मजूर येतो तेव्हा, किंवा मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या तुमच्या आई तिथल्या बर्फावर घसरून पडतात तेव्हा, तो गोंधळ माराचा की भाषेचा, हे डॉक्टरला एकट्याला कळणं अवघड असतं. म्हणून सोबत जाणाऱ्याने बाहेरच्या बाकावर बसून राहायचं नाही. आत यायचं आणि सांगायचं. हे एरवी कोणत्या भाषेत बोलतात, किती भरभर बोलतात, मार किती वाजता लागला, त्यानंतर काय काय विसरले, किती वेळा ओकले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. नावं आठवण्यात वेळ जातो.